काकवीतलं पोहणं

भिजलेल्या गोणपाटाचा वास आला की मला कारंजा गावातली ती लॅब आठवते. लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं, आणि कुणाच्याही डोहाळजेवणाला सासू मला मागे बसवायची. माझ्या सगळ्या तपासण्या ठीक निघाल्या, तेव्हा कुठे नवरा तपासणीला तयार झाला. दोष त्याच्या वीर्याच्या नमुन्यात आहे असं लॅबच्या मॅडमनी सांगितलं, पण सासूला ते पटेना. "माह्या डोयानं पाहू द्या मले," म्हणून ती अडून बसली. मॅडमनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं खाली बघतच मान हलवली. सासूनं एक डोळा मिटून मायक्रोस्कोपात पाहिलं. "हे त वळवळून राह्यले! मंग?" "पुढं जातात का पाहा, मावशी," मॅडम म्हणाल्या. त्यांनी समजावलं, एवढ्या बारीक जिवाला पाणी काकवीसारखं घट्ट लागतं. शेपटीतून लाट गेली तरच तो पुढे सरकतो, नुसती इकडून तिकडे हलवली तर जितका पुढे तितकाच मागे येतो. सासू बराच वेळ पाहत राहिली; एकही पुढे सरकत नव्हता. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहिल्याशिवाय तिनं कधी सोयाबीन पेरलं नव्हतं. परतताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सहा वर्सं वावरालेच बोल लावला आमी. बी त पाह्यलंच नाई." तिनं माफी मागितली नाही, आणि मी माफ केलं नाही. गोणपाट मात्र दर जूनमध्ये आम्ही दोघी मिळूनच भिजवतो.