काडीबाईंचं नाक

सगळ्या इस्पितळात त्यांना काडीबाई म्हणत. नाव ठेवणाऱ्यांनी त्यात दोन अर्थ भरले होते. एक सरळ. जंतू तपासायच्या प्रयोगशाळेतल्या या बाई टोकाला कापूस लावलेली काडी घेऊन वॉर्डावॉर्डांतून फिरत. खाटांचे कठडे, नळाच्या चाव्या, परिचारिकांचे हात, स्वयंपाकघरात आलेलं मांस, सगळ्यांवर त्यांची काडी फिरे. दुसरा अर्थ तिरका. काडी फिरली की कुणाच्या तरी मागे शुक्लकाष्ठ लागायचंच. मुख्य स्वयंपाकी तर उघड म्हणे, "आल्या काड्या करायला." बाईंना दोन्ही अर्थ ठाऊक होते आणि दोन्ही मनापासून आवडत.

काम चोख. काडी बशीतल्या जंतूंच्या खाद्यावर ओढायची, बशी उबेत ठेवायची, काय उगवतं ते बघायचं. मग त्या जंतूंवर औषधाच्या बारीक चकत्या मांडायच्या. चकतीभोवती जंतू मागे हटून स्वच्छ कडं पडलं, तर ते औषध लागू. जो जंतू चकतीला खेटून ऐसपैस वाढेल, तो बाईंच्या भाषेत कोडगा. माणसांनाही त्या हेच माप लावत. "आमचे हे पहिल्याच चकतीला मागे सरतात," त्या सांगत. "लेक मात्र कोडगी निघाली."

एक दिवस या कोडग्या लेकीने जेवता जेवता जाहीर केलं, की तिने लग्न ठरवलंय आणि मुलाच्या वडिलांचं मटणाचं दुकान आहे. बाईंचा घास हातातच राहिला. मुलगा त्यांना पसंत होता. दुकानालाही त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती दुकानातल्या मांस तोडायच्या ओंडक्याला. लाकडाच्या भेगांत काय काय बिऱ्हाड करून राहतं, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार!

पहिल्या भेटीला सगळे मुलाकडे गेले; पुढे दुकान, मागे घर. व्याही म्हणजे दाराएवढा माणूस, आवाज दुकानाच्या बाहेरपर्यंत जाणारा. त्यांनी हौसेने दुकान दाखवलं, सुऱ्या दाखवल्या, फरशी दाखवली. बाईंना त्या दिवशी थोडी सर्दी होती. एका हाताने रुमाल नाकाला, दुसरा पर्सवर. चहासाठी सगळे आत गेले तशा बाई "आलेच" म्हणून मागे रेंगाळल्या. इतर बायकांच्या पर्समध्ये सेफ्टी पिना असतात, यांच्या पर्समध्ये काडी असे. ती त्यांनी ओंडक्याच्या भेगेत घासली, नळीत घातली आणि शहाण्यासारख्या चहाला येऊन बसल्या.

बशीत पोट बिघडवणारे जंतू नावालाही नव्हते. पण एका कडेला सोनेरी ठिपके उगवले. बाईंनी त्यांच्यावर चकत्या मांडल्या. एकाही नेहमीच्या औषधाभोवती कडं पडेना. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात टाके चिघळवणारा कोडगा हाच! कित्येक महिने त्या त्याचा माग काढत होत्या, आणि चोर सापडला तो कुठे, तर होणाऱ्या व्याह्यांच्या ओंडक्यावर.

घरी आल्या आल्या त्यांनी निकाल दिला. "ही सोयरीक व्हायची नाही."

लेकीने सगळं ऐकून घेतलं. "तू पाहुणी म्हणून गेली होतीस ना, आई? आणि त्यांच्या ओंडक्यावर चोरून काडी फिरवलीस?"

"तुझ्यासाठीच ना गं!"

"माझ्यासाठी? लग्नाआधीच माझा काडीमोड करायला निघालीस तू!"

खोलीचं दार धाडकन लागलं. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि, कधी नव्हे ते, मागे न सरता म्हणाला, "चुकलंच तुझं."

बाई घुश्शातच कामावर गेल्या आणि बशी प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. मॅडमनी ती उजेडात धरून निरखली.

"नमुना घेताना हातमोजे होते?"

"चहाला जाताना कोण हातमोजे घालतं, मॅडम?"

"आणि सर्दी?"

"होती थोडी."

"वॉर्डातल्या झाडून सगळ्यांची नाकं तपासली आपण," मॅडम सावकाश म्हणाल्या. "तुमचं कुणी तपासलं?"

कुणीच नाही. काडी ज्यांच्या हातात, त्यांच्याच नाकात काडी घालायचं कुणाला सुचणार? मॅडमनी स्वतः घातली. उगवले ते सोनेरी ठिपके, तसेच्या तसे, तितकेच कोडगे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्याला त्या महिनोन्‌महिने हुडकत होत्या, तो त्यांच्याच नाकात फुकटचा भाडेकरू होऊन बसला होता, आणि नाक पुसलेल्या हातानेच त्याला ओंडक्यावर पोचवलं होतं.

मॅडमनी नाकात लावायचं मलम दिलं, अंघोळीला औषधी साबण दिला, वॉर्डबंदी केली. "आणि तो ओंडका धुऊन पुन्हा तपासायला हवा. या वेळी मालकाला विचारून," त्या म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा बाई तोंडाला फडकं बांधून, मान खाली घालून कुणाच्या दारात गेल्या. उंबऱ्याबाहेरूनच बोलल्या. "त्या दिवशी मी तुमच्या ओंडक्यावर काडी फिरवली. चोरून."

"ठाऊक आहे," व्याही म्हणाले. "दुकानात भिंतीवर आरसा आहे ना, आतून त्यात दिसलात मला."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, रिपोर्ट फुकटात मिळतोय, कशाला अडवा?"

बाईंना रडू फुटलं. "त्यात वाईट जंतू निघाला हो. पण तो माझ्या नाकातला. तुमच्या ओंडक्यावर मीच आणून सोडला. आता मला वॉर्डातसुद्धा पाऊल टाकू देत नाहीत. काय बोलायचं ते मला बोला, पोरीला काही लावून घेऊ नका."

व्याही ओंडक्याकडे बघत राहिले, मग बाईंकडे. "म्हणजे माल आमचा चोख, आणि खोट मुलीकडच्या पार्टीत?" असं म्हणून ते जे हसत सुटले, ते पोट धरून खुर्चीत बसेपर्यंत. मग डोळे पुसून एकदम गंभीर झाले. "आता मात्र तुमचं नाक साफ झाल्याशिवाय लग्नाची तारीख नाही."

बाईंनी झटकन मान वर केली. "मोडताय?"

"मोडतोय कसला! तुम्हाला वॉर्डात मज्जाव, मग एवढ्या पाहुण्यांत कशा वावरणार? मुलीच्या आईला घरी बसवून लग्न लावू होय?"

व्याह्यांनी ओंडका तासून घेतला, उकळत्या पाण्याने धुतला, औषधाने पुसला. मॅडमनी हातमोजे घालून नमुना घेतला, तो चांगला निघाला. उरलं बाईंचं नाक. त्या मलम लावत, साबणाने अंघोळी करत, बशीची वाट बघत. आजवर लोकांना "उद्या या" म्हणून किती सहज परतवलं, हे आता त्यांना कळत होतं. शेवटी मॅडमनी बशी पुढे केली. एकही सोनेरी ठिपका नव्हता. बाईंनी ती दोन्ही हातांत धरली आणि आनंदाने चक्क उडी मारली.

घरी लेक दारातच उभी होती. इतके दिवस ती कामापुरतंच बोलली होती. "काय निघालं?"

"काही नाही! आता तारीख धरायला सांग." बाईंना धाप लागली होती. "माणूस मोठ्या मनाचा आहे गं. माझ्याशिवाय लग्न लावणार नाही म्हणाला."

"हो. पण ते त्यांनी नंतर म्हटलं." लेक हसली. "दार आपटलं ना, त्याच रात्री मी त्यांच्या मुलाला सांगितलं होतं. माझी आई आगाऊ आहे, पण ती हसत हसत येणार नसेल तर मला लग्नच करायचं नाही."

बाई नाक पुसायला नुसत्या रुमाल शोधत राहिल्या.