तो ताप इंजेक्शनचा नव्हता

त्या दिवशी सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात दवाखान्यातून नसरीनचा फोन आला. "अक्का... अम्मी गेल्या." एवढंच बोलली. नसरीन म्हणजे रशिदाआपाची सून, आणि रशिदाआपा म्हणजे... आता कसं सांगू? उमरग्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझ्या लेकीच्या लग्नाचा चुडा तिनंच भरलेला. परवा तिचा चाळिसावा दिवस झाला, फातेहा पढून झाली, माणसं जेवून गेली. मी काही लिहिणारी बाई न्हाय. पण गल्लीत बाया म्हणतात, "हाडाच्या इंजेक्शननं गेली बघा." ते खरं न्हाय, म्हणून लिहायला बसले.

आपा बांगड्या भरायची. बाईचा हात हातात घेऊन, बोटं चेपत, बोलण्यात असं गुंगवायची की बांगडी कधी चढली ते कळायचंही न्हाय. मागं एकदा न्हाणीत पाय घसरला आणि तिचंच मनगट मोडलं. प्लास्टर दाखवत सगळ्यांना सांगायची, "जलमभर काच हाताळली, आता हाडंबी काचेची झाली." डॉक्टरांनी तपासलं, हाडं ठिसूळ झालीत म्हणाले, आणि वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं इंजेक्शन सांगितलं. ते घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी हुडहुडी भरून ताप! अंग इतकं दुखायचं की कूस बदलता येईना. आम्ही रडकुंडीला येऊन तिला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर हसले. म्हणाले, "अंगात रोगाशी लढणारी फौज असते, ती ह्या औषधानं उगीच खवळते. पाणी पाजा, तापाची गोळी द्या, दोन-तीन दिवसांत शांत होईल." आणि आम्ही उठता उठता म्हणाले, "पुढच्या खेपेला बहुतेक एवढा त्रास होणार नाही. पण ताप उशिरा आला, नाहीतर उतरलाच नाही, तर तो ह्या औषधाचा समजू नका. लगेच या."

पहिली गोष्ट आपानं गावभर केली. दुसरी मात्र दवाखान्याच्या दारातच राहिली.

मग काय, आपा हाडांची वकीलच झाली. कमरेत वाकलेली बाई बांगड्या भरायला आली की हिचं सुरू, "डॉक्टरला दाखवून ये गे, हाडं तपासून घे. ताप आला तर भ्यायचं न्हाय, औषध हाडात शिरलं समजायचं." मलाही तिनंच नेलं. मी तापानं कण्हत पडले तर उशाशी बसून म्हणते, "काय अक्का, एवढ्यात मरताव का? परवा भाकऱ्या थापाल!" आणि खरंच थापल्या.

दुसऱ्या वर्षी तिनं सलाइन घेतलं, तर काहीच झालं न्हाय. हिरमुसली. "औंदा नुसतं पाणीच चढवलं का काय?" आठवडा उलटून गेला आणि मग ताप आला, संगं खोकला. आपा तर खूश! "आला बघा, उशिरा का हुईना." नसरीन म्हणाली, "अम्मी, चला दाखवून येऊ." आपा म्हणाली, "नक्को. मागं गेलो तर हसला न्हाय का डॉक्टर? त्याला सारखं हसवायचा मक्ता घेतलाय व्हय आपण?" सलीम, तिचा मुलगा, ट्रक घेऊन हैदराबादच्या बाजूला गेलेला. त्याला फोनवर सांगितलं, "इंजेक्शनचा ताप हाय रे, तू आपलं गाडीकडं बघ." आम्हालाही ते पटलं. का न्हाय पटणार... माझाही ताप तसाच आला होता आणि तसाच गेला होता. दम लागायला लागला तेव्हा नेलं. डॉक्टर ह्या वेळी हसले न्हाईत. छातीत न्यूमोनिया पसरला होता. सलीम येऊन पोचला, तोवर आईचं बोलणं बंद झालेलं. नंतर डॉक्टर नसरीनला म्हणाले, "हा ताप त्या औषधाचा नव्हताच."

आता गल्लीतल्या बायांनी इंजेक्शनच्या तारखा टाळायला सुरुवात केलीय. गेल्या आठवड्यात माझी तारीख आली. लेक फोनवर म्हणाली, "आई, नको घेऊस." पण मी न्हाय म्हणाले असते, तर आपाचं बोलणं सगळंच खोटं ठरलं असतं. घेतलं. दुसऱ्या दिवशी कणकण आली, तशी नसरीन मला हाताला धरून आपाच्या खोलीत घेऊन गेली. "इथंच पडा, माझ्या नजरेसमोर." फळीवर बांगड्यांचे डबे तसेच होते, खाटेवर तिची वाकळ. मी म्हणायला गेले, "काय न्हाय गं, इंजेक्शनचा हाय..." तर पोरीनं मला थांबवलंच. "ते मला न्हाय सांगायचं, अक्का. कवा आला तेवढं सांगा. खोकला हाय का? दम लागतो का?" सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. दुसऱ्या सकाळी अंग निवलं होतं. खिडकीतून बघितलं तर दारात रिक्षा, नसरीननं दवाखान्यासाठी बोलावून ठेवलेली.

"अगं, उतरला ताप. जाऊ दे रिक्षावाल्याला."

नसरीननं माझ्या कपाळावर पुन्हा हात ठेवला, बराच वेळ. म्हणाली, "राहू द्या उभी. संध्याकाळपर्यंत राहू द्या."