आईच्या नंबरची धून

काल किराणा दुकानातल्या रेडिओवर दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमाची धून लागली आणि माझा हात दचकून खिशाकडे गेला. गावी एकटी राहणारी आई हा कार्यक्रम कधी चुकवत नाही, म्हणून मीच हौसेने माझ्या फोनमध्ये तिच्या नंबरला हीच धून लावली होती. गुडघे धरल्यापासून ती रोज विचारते, “न्यायला कधी येतोस रे?” हल्ली मी फोन न उचलता, हातात धरून धून थांबायची वाट बघतो.

“अहो साहेब, रेडिओ आहे तो!” दुकानदार हसला.

मला हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. उद्या आई नसेल, धून मात्र कुठेतरी लागेल. तेव्हाही माझ्या मनात आधी हेच आलं तर, की बरं झालं, आईचा फोन नाही?