खिडकीखालचा डाग

आईच्या डोक्यातून एकेक माणूस निघून चाललं होतं. आधी शेजारपाजारचे गेले, मग लांबचे नातेवाईक, मग खुद्द नवरा, आणि आता लेकीची पाळी तोंडावर आली होती. लेक समोर बसून घास भरवायची, आणि आई अदबीने विचारायची, "तुम्ही कुठल्या?" पुढच्याच घासाला ओळख पटायची. मग "अगं, किती वाळलीस" म्हणून गालावरून हात फिरायचा. सकाळचं ऊन पलंगावर असेपर्यंत जरा तरी भान असायचं. दुपारनंतर सगळा आनंदच होता.

लेकीला आईला एकच गोष्ट विचारायची होती. सगळी हयात ती घशाशी येऊन परत गेली होती. लहानपणी मी त्या हाडांच्या हॉस्पिटलात पडून होते, तेव्हा तू एकदाही का आली नाहीस? एवढंच. आता ज्या डोक्यात या प्रश्नाचं उत्तर होतं, तेच डोकं रिकामं होत चाललं होतं.

या लेकीला तिच्या स्टुडिओत सगळे रबरताई म्हणत. फोटोतलं नको असलेलं पुसणं हे तिचं काम. पूर्वी ब्रश आणि शाईने करायची, मग कॉम्प्युटर आला, नाव मात्र रबराचंच राहिलं. तोंडावरचे फोड, मागे लोंबणाऱ्या तारा, जेवताना तोंड उघडं पडलेला काका, सगळं ती बेमालूम उडवायची. नको असलेली माणसं उडवायची तशी हवी असलेली आणायचीही. वारलेले आजोबा नातवाच्या लग्नात उभे करण्यात तिचा हातखंडा होता. एकदा एका घराने भांडणाच्या भरात जावई पुसून घेतला, आणि समेट झाल्यावर तोच जावई परत मागायला सगळे वाजतगाजत आले. तेव्हापासून तिने नियमच करून टाकला: मूळ फाईल आधी बाजूला ठेवायची, मग हात लावायचा. कामावर नवा आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आत त्याला हे ऐकवलं जायचं. "उडवलेला माणूस परत येत नाही," ती दम द्यायची, "आणि शिव्या आपल्याला पडतात."

स्वभावाने बोलकी, फटकळ, दुसऱ्याच्या अडचणीला धावून जाणारी बाई. पण लहानपणाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायची. पायाने किंचित लंगडायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "चपलेत खिळा आलाय." लोक चपलेकडे बघत, आणि ती तोवर निसटलेली असायची.

त्या पायाचीच गोष्ट. शाळेत जायला लागली आणि कंबरेच्या हाडाला काहीतरी झालं. गावाबाहेरच्या हॉस्पिटलात दाखल केलं. आई दारापर्यंत आली, "लगेच येते हं" म्हणाली, आणि पुढे चांगलं वर्ष उलटून गेलं. छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घालून तिला उताणी निजवलेली. खाट कोपऱ्यातल्या खिडकीला लागून होती, म्हणजे नशीब तसं चांगलं म्हणायचं. पण उताण्या माणसाला खिडकी काय आणि भिंत काय! तिला दिसायचं ते छत, आणि छताला पडलेली एक भेग. रविवार आला की उठता येणारी पोरं खिडक्यांशी गर्दी करायची. "माझी आई! माझी आई आली!" असा कालवा व्हायचा. ती भेगेकडे बघत वाट बघायची. तिला कुणीच हाक मारली नाही. हळूहळू तिने वाट बघणं सोडलं. एवढ्याशा पोरीने वाट बघणं सोडावं, याहून वाईट त्या हॉस्पिटलात काही घडत नव्हतं.

घरी आल्यावर तिने आईला विचारलं नाही. आईनेही विषय काढला नाही. दोघी एका घरात राहिल्या, हसल्या, भांडल्या, आजारपणं काढली. तेवढी एक खोली मात्र दोघींनी बाहेरून कडी घालून ठेवली.

डॉक्टर म्हणाले, "जुने फोटो दाखवत जा. फोटोवरून कधी कधी आठवतं." झालं! रबरताईने मनाशी ठरवलं. त्या वर्षाचं एक कोलाज करायचं, मोठं, आईच्या मांडीवर मावेल एवढं. ते समोर धरायचं आणि विचारायचं. आता नाही तर कधीच नाही.

पण चिकटवायला फोटो तर हवेत. त्या वर्षाचा एकही नव्हता. शाळेतल्या घोळक्याच्या फोटोतून तिने स्वतःचा चेहरा कापून घेतला. आईच्या लग्नाआधीच्या ओळखपत्रावरून तिचं तरुण तोंड घेतलं. भेगेसाठी घरातल्या न्हाणीच्या छताचा फोटो काढला. तिथे तशीच भेग होती, आणि ती बुजवायला तिने कधीच गवंडी बोलावला नव्हता. राहता राहिलं हॉस्पिटल. ते केव्हाच पाडलेलं.

स्टुडिओच्या मालकांचे वडील जुने फोटोग्राफर. त्यांच्या निगेटिव्हचे डबे माळ्यावर पडून होते. जेवणाच्या सुट्टीत रबरताई जेवायचं सोडून माळ्यावर चढू लागली.

"अहो रबरताई, खाली या," मालक ओरडायचे, "पडलात तर मला तुम्हालाच फोटोतून उडवावं लागेल!"

आणि एका दुपारी ती निगेटिव्ह सापडली. हॉस्पिटलची लांबलचक इमारत, खिडक्यांची रांग, पुढे कुंपणाची भिंत. पाकिटावर तेच वर्ष. रबरताई माळ्यावरच बसून राहिली. खालून मालक विचारत होते की जिवंत आहात का.

निगेटिव्ह बुरशीने खाल्लेली होती. तिने आहे तशी स्कॅन केली, पण मन भरेना. म्हटलं, धुऊन बघू, आणखी स्पष्ट येईल. इतक्या वर्षांचा अनुभव, पण आई हातातून चाललीये म्हटल्यावर अनुभव कुठला सुचायला! पाण्यात सोडताच चित्राचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटला आणि गोळा झाला. हातात नुसती पारदर्शक पट्टी राहिली. तिने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, जाऊ दे, स्कॅन आहे ना.

त्या स्कॅनच्या सफाईला ती बसली. ओरखडे, धुळीचे ठिपके, बुरशीचे चट्टे. हात आपसूक चालत होता. कुंपणाच्या भिंतीशी, कोपऱ्यातल्या खिडकीच्या बरोबर खाली, एक उभट काळपट डाग होता, त्याच्या वर तिरका पांढरा फराटा. शेजारच्या भिंतीचा तुकडा उचलून तिने त्यावर बसवला. भिंत लख्ख झाली. गिऱ्हाइकाचं काम असतं तर मूळ फाईल आधी बाजूला ठेवली असती. पण हे घरचं काम. घरच्या कामाला कसला नियम? तिने सेव्ह केलं, फाईल बंद केली आणि समाधानाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ऊन पलंगावर आलं तेव्हा तिने कोलाज आईच्या मांडीवर ठेवलं. आईला सांभाळणाऱ्या मावशीही कौतुकाने उभ्या राहिल्या. आईने चष्मा सारखा केला.

"हे ते हाडांचं हॉस्पिटल," आई म्हणाली.

रबरताई पुढे सरकली. "हो आई."

"आणि ही तू. नाक बघ, तेव्हापासून फेंदारलेलं."

"हो. आई, मी तिथे होते ना, तेव्हा तू..."

आई ऐकत नव्हती. तिचं बोट कुंपणाच्या भिंतीवरून सरकत होतं. कोपऱ्यातल्या खिडकीच्या खाली येऊन ते थांबलं.

"मी कुठाय?"

"कुठे आई?"

"इथे गं. इथेच उभी राहायची मी, दर रविवारी. आत सोडायचे नाहीत. आई दिसली की पोरं रडतात, ताप चढतो म्हणे. नर्स म्हणाली, कोपऱ्यातली खिडकी तुमच्या मुलीची, इथून हात करा. नुसता हात काय दिसणार? म्हणून मी घरून पांढरा टॉवेल न्यायची. असा हलवायची." आईने दोन्ही हात वर केले. बाहीतून वाळकी मनगटं बाहेर आली. "खांदे भरून यायचे. बाकीची पोरं हात करायची. तू नाही केलास. एकदाही नाही. मी म्हटलं, रुसलीये. इथे आणून टाकलं म्हणून रुसलीये. घरी आली की बोलेल. तर घरी येऊनही तू माझ्याकडे पाठ करून झोपायचीस."

रबरताईला रडूही येईना. प्लास्टर घातलं होतं दाखल केल्यावर, काढलं होतं घरी सोडायच्या आधी, म्हणजे आईने ते कधी पाहिलंच नव्हतं, आणि त्या काळी आईबापांना समजावून सांगायला वेळ कुणाला होता? एक बाई भिंतीबाहेर टॉवेल हलवत होती, एक पोरगी भिंतीआड छताकडे बघत होती, आणि दोघींनी एकमेकींना जन्मभर माफ केलं नव्हतं.

"आई, मला उठता येत नव्हतं! उताणी बांधून ठेवली होती गं मला. छताशिवाय काही दिसत नव्हतं. मी रुसले नव्हते. आई, ऐकतेस ना? मी रुसले नव्हते!"

आईने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर हळूहळू ते सभ्य हसू आलं.

"तुम्ही कुठल्या?" तिने विचारलं.

रबरताई तशीच स्टुडिओत आली. फाईल उघडली. मागे जायचे सगळे मार्ग करून बघितले, मागे जायला काही उरलंच नव्हतं. कॉम्प्युटरची कचरापेटी धुंडाळली, स्कॅनर धुंडाळला, शेवटी खरी कचरापेटी जमिनीवर पालथी केली आणि ती पारदर्शक पट्टी खिडकीत धरून बघत राहिली. त्या डागाला डोकं होतं का? पांढरा फराटा वर उचललेला होता ना? तो पुसताना तिने डागाकडे नीट बघितलंही नव्हतं. हजारो अनोळखी माणसांची मुरमं डोळ्यांत तेल घालून बघितली, आणि आई आली तेव्हा तिच्यावर भिंत बसवून ती मोकळी झाली.

मालकांना सगळं कळलं. मग धीर द्यायला म्हणाले, "ताई, तुम्ही मेलेली माणसं उभी करता. इथे एक बाई उभी करायची. तुम्हाला काय अवघड?"

तिने केलंही. आईचं ओळखपत्रावरचं तोंड घेतलं, कुठलं तरी अंग जोडलं, टॉवेल दिला. बाई उभी राहिली, पण ती खिडकीकडे बघत नव्हती. ओळखपत्रावरचं माणूस बघतं तसं समोर बघत होती. ही आई नव्हती, गिऱ्हाइकाला खपवायची आई होती. रबरताईने ती काढून टाकली. मग नुसता डाग रंगवून बघितला. तो नुसता डागच दिसला.

दरम्यान घरी रोज सकाळी एकच चाललं होतं. "आई, मी रुसले नव्हते." आई म्हणायची, "बरं बरं." दारावर आलेल्या विक्रेत्याला म्हणतात तसं. कधी म्हणायची, "माझी मुलगी यायचीये, तिला सांगा." मावशी पदराआड तोंड लपवून आत निघून जायच्या. एका सकाळी लेक म्हणून ओळख पटलीच नाही, आणि दुसऱ्याही सकाळी नाही. रबरताईचा धीर सुटला. आई पुसता आली, पण परत काढता येत नाही. मग निदान आपला हात तरी काढू. त्या हाताची आईने वाट पाहिली होती. तो तिला दिसला, एकदा जरी दिसला, तरी पुरे.

तिने स्वतःच्या हाताचा फोटो काढला. सुरकुत्या पुसल्या, शिरा पुसल्या, बोटं आखूड केली, आणि तो एवढासा हात कोपऱ्यातल्या खिडकीत बसवला, वर उचललेला. आयुष्यात इतकं जीव ओतून तिने काम केलं नव्हतं.

ऊन पलंगावर आलं. कागद आईच्या मांडीवर आला. आई पुष्कळ वेळ बघत राहिली. रबरताई पलंगाची कड धरून बसली होती.

"कोण गं ही पोरगी?" आईने विचारलं. "हात करतेय."

"हो आई, हात करतेय. तिच्या आईला करतेय!"

आईचं बोट खिडकीतून खाली उतरलं. भिंतीवरून सरकत त्या लख्ख जागी आलं आणि तिथेच चाचपडत राहिलं.

"कुणी आलं नाही वाटतं तिचं," आई म्हणाली. "बिचारी. कधीची हलवतेय."

"आलीये, आई. तिची आई दर रविवारी येते. पांढरा टॉवेल घेऊन येते."

"मग दिसत कशी नाही?"

मी पुसली, असं रबरताईच्या ओठांवर आलं होतं, पण ते कुणाला सांगणार?

आईला मात्र राहवेना. तिने पांघरुणातून हात बाहेर काढला, महत्प्रयासाने वर केला आणि कागदावरच्या पोरीला हलवून दाखवला. दोनदा, तीनदा. मग शेजारी बसलेल्या परक्या बाईकडे वळून ती आर्जवाने म्हणाली,

"तुम्ही पण करा हो. बरं वाटेल तिला."

रबरताईने हात वर केला.