बंद दाराआडचं दर्शन

डोळ्यांच्या डॉक्टरने स्क्रीनवर माझ्याच डोळ्याचं चित्र दाखवलं आणि मधल्या करड्या डागावर बोट ठेवलं, तेव्हा मला फारसं समजावून सांगायची गरजच पडली नाही. मी स्वतः पॅथॉलॉजिस्ट. सगळी नोकरी मायक्रोस्कोपला डोळा लावून केली. स्लाइड स्वतः पाहिल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावर कधी विश्वास ठेवला नाही. आता नजरेचा मधला भागच हळूहळू जाणार होता. कडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे सरळ बघाल ते पुसट होत जाईल, माणसांचे चेहरेसुद्धा, असं डॉक्टर म्हणाला. अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गच्या घरी आले, बूट काढले आणि तडक देवघरासमोर उभी राहिले. लहानपणापासून मी गणपतीची. त्याला म्हटलं, तुला माझं दुसरं काही न्यायला मिळालं नाही का? त्यानंतर बरेच दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

राग ओसरला तसा हट्ट सुरू झाला. नजर आहे तोवर गणपती डोळे भरून बघून घ्यायचे. हिवाळ्यात भारतात जाऊन अष्टविनायक करायचे, शिवाय वाटेत जिथे जिथे तो असेल तिथे जायचं. विमान जपानमध्ये बदलायचं होतं. महाराष्ट्र मंडळात कुणीतरी सांगितलं की जपानी लोकही गणपतीला मानतात, त्याला ते शोतेन म्हणतात आणि एका लहानशा डोंगरावर त्याचं देऊळ आहे. झालं, मी तिथे दोन दिवस थांबायचं ठरवूनच टाकलं. आमचे हे इंजिनियर, देवाधर्माच्या बाबतीत काठावरचे. “अगं, तो काय पळून जाणार आहे का?” अशी थट्टा करत त्यांनीच सगळं बुकिंग केलं. “ईझी डे हाईक आहे, सगळे रिव्ह्यूज तेच म्हणतात. माझा गुडघासुद्धा चढेल.” मी निघायच्या आदल्या दिवशी तळणीचे मोदक करून डब्यात भरले.

डोंगर खरंच लहान होता. पायथ्याशी इवलंसं स्टेशन, चहाची आणि लोणच्यांची दुकानं, आणि मग देवदारासारख्या उंच झाडांतून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या. दोन्ही बाजूंना लहान मुलांसारखे दगडी देव, गळ्यात लाल लाळेरं बांधलेले. त्यांच्या डोक्यावर शेवाळ चढलं होतं. रात्री पाऊस होऊन गेलेला आणि सगळीकडे धुकं. चढणारे बहुतेक आमच्यासारखेच म्हातारे, आणि प्रत्येक जण वाकून नमस्कार करून पुढे जायचा. निम्म्या वाटेवर यांच्या गुडघ्याने रिव्ह्यूज खोटे ठरवले. तिथे एक बाक होतं आणि चक्क कॉफीचं मशीन. “तू हो पुढे, मी गरम कॉफी पितो आणि सावकाश येतो,” हे म्हणाले. मला देवाची घाई झाली होती. मी निघाले.

माझी चूक मला थोड्याच वेळात कळली. यांच्या हाताचा आधार होता तोवर पायऱ्या दिसत नाहीयेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सरळ पाहिलं की पायरीची कड विरघळून जायची. मान वाकडी करून पाहावं तर ओली पानं आणि दगड एकाच रंगाचे. एका वळणावर पाय घसरला आणि मी धपकन खाली बसले. लागलं नाही, पण उठायची हिंमत होईना. वर जाता येईना, खाली उतरता येईना, हाक मारली तर धुक्यात ती कुठे पोचतेय तेही कळेना. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. डॉक्टरसमोर, मुलांसमोर मी शहाण्यासारखी वागले होते. तिथे त्या ओल्या पायरीवर बसून मी लहान मुलीसारखी रडले. पुढचं सगळं आयुष्य असंच असणार, हे मला तिथे समजलं.

तेवढ्यात माझ्या कोपराखाली एक हात आला. माझ्याहून बुटकी, पाठीत वाकलेली एक आजी. तिच्या पिशवीतून पाल्यासकट एक जाडजूड पांढरा मुळा डोकावत होता. ती जपानीत काहीतरी म्हणाली, मी मराठीत काहीतरी म्हणाले. मी डोळ्यांकडे बोट दाखवलं. तिने मान डोलावली, मला उठवलं, आणि हातातल्या काठीने पुढच्या पायरीच्या कडेवर टक् असा आवाज केला. मी आवाजाच्या रोखाने पाय ठेवला. पुन्हा टक्, पुन्हा पाऊल. असं आम्ही वरपर्यंत गेलो. बघण्याचा प्रयत्न मी कधी सोडून दिला ते माझं मलाच कळलं नाही.

देवळात उदबत्तीचा दाट वास होता. देवासमोर मुळ्यांची रास लागली होती. आपण दूर्वा वाहतो तसे ते मुळे वाहतात. आजीने आपला मुळा ठेवला, मी त्या मुळ्याशेजारी मोदक ठेवले आणि मान वर केली. समोर लाकडी दारं, बंद. मला वाटलं, वेळ चुकली. माझ्याच वयाचे एक पुजारी तिथे होते, त्यांना थोडं इंग्रजी येत होतं. दार कधी उघडणार, असं विचारलं. ते नम्रपणे म्हणाले, “उघडत नाही. ही मूर्ती कुणाला दाखवत नाहीत.” मी म्हटलं, “पण तुम्ही पाहिली असेल ना?” त्यांनी हसून मान हलवली. “मीही नाही.”

मला खरं तर चीड यायला हवी होती, आणि आलीच. अर्धी पृथ्वी ओलांडून दार बघायला का आले होते? उरलेली नजर मी ज्याच्यासाठी जपून आणली, तो दिसायलाच तयार नाही! मी शेजारी पाहिलं. आजी डोळे मिटून, हात जोडून त्या दाराशी हळू आवाजात बोलत होती. घरच्या गोष्टी सांगत असावी. मध्येच ती स्वतःशीच हसली. जन्मात ज्याला कधी पाहिलं नाही, त्याच्याशी इतकी मोकळी!

मग मोठा नगारा वाजला आणि पुजाऱ्यांनी अग्नी पेटवला. आपला होमच तो, समिधा टाकतात, मंत्र म्हणतात. मी डोळे मिटले. नगारा छातीत वाजत होता, अग्नीची ऊब चेहऱ्यावर येत होती आणि दाराच्या पलीकडे कुणीतरी आहे हे मला जाणवलं. कसं, ते मला सांगता येणार नाही. आयुष्यभर पुरावा मागणाऱ्या बाईने स्वतः पुरावा न देणं बरं नाही, हे मला कळतं. पण अंगावर काटा आला, आणि इतकं मोठं काहीतरी इतकं जवळ होतं की डोळे उघडायचा मला धीर झाला नाही. माझ्या नजरेचं काय होणार हे विचारायचंही राहून गेलं.

हे धापा टाकत वर आले तेव्हा नगारा थांबला होता. “काय गं, कसा आहे गणपती?”

“दार बंद असतं हो,” मी म्हटलं. “फार सुंदर आहे.”

यांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. आजी कुठे अदृश्य वगैरे झाली नाही. तिला खोकला होता, आमच्याबरोबर ती खाली उतरली, यांच्या गुडघ्यासाठीसुद्धा काठी टकटकवत आली आणि स्टेशनावर वाकून नमस्कार करून निघून गेली. तिचं नावही मला ठाऊक नाही. रोज तिला मनातल्या मनात नमस्कार करते.

भारतात अष्टविनायकांतले दोन राहिले. हळहळ वाटली नाही. त्यानंतर डोळे डॉक्टरने सांगितलं तसेच गेले. यांचा चेहराही आता मला कडेनेच दिसतो. वाईट वाटतं, कधी कधी फार वाटतं. पण भांडण संपलं. जे हातातून जातंय ते मुठीत आवळून धरायचं नाही, एवढं त्या डोंगरावर मला दिलं गेलं, आणि त्यासाठी मी कृतज्ञ आहे.

यंदा मंडळाच्या गणपतीत मुलांनी मला हाताला धरून अगदी पुढे नेऊन बसवलं. आरती झाल्यावर नात कानाशी येऊन म्हणाली, “आजी, डिड यू सी हिम?”

“नाही दिसला गं,” मी म्हटलं. “पण मी त्याच्यासमोर बसले होते ना.”