पत्र्याला भोक पाडताना

आमच्या लॅबमध्ये तोफेच्या एका फायरची तयारी तीन आठवडे चालते आणि फायर पापणी लवायच्या आत संपते. उरलेल्या वेळात माणसं करणार काय? चहा पितात, एकमेकांवर चिडतात आणि किस्से साठवतात. माझ्या डोक्यात आता डेटा कमी आणि किस्से जास्त झालेत.

आमची तोफ म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या लांबलचक नळ्या. मागे दारू उडते, तिच्या जोरानं हायड्रोजन दाबला जातो, मधली तांब्याची चकती फुटते आणि साखरेच्या दाण्याएवढा ॲल्युमिनियमचा मणी सेकंदाला पाच किलोमीटर वेगानं पत्र्यावर आपटतो. अंतराळातला कचरा उपग्रहाला लागला तर काय होईल, ते आम्ही असं बघतो. मी हे सगळं एकदा आत्याला रंगवून सांगितलं.

"म्हणजे तू रोज पत्र्याला भोकं पाडतेस?"

"रोज नाही गं, महिन्यातून एकदा."

"आणि पगार पूर्ण महिन्याचा?"

* * *

ही तोफ उभी केली बापट सरांनी. त्यांची एकच इच्छा होती, रिटायर होण्याआधी उडत्या मण्याचा एक तरी स्वच्छ फोटो मिळावा. कॅमेरा माझ्याकडे, त्यामुळे ती इच्छा माझ्या मानेवर! आणि आमच्या कॅमेऱ्याला दरवेळी जरासा उशीर व्हायचा. फोटोत भोक यायचं, मणी नाही.

एकदा एक पाहुणे फोटोला नाक लावून म्हणाले, "यात गोळी कुठे आहे?"

सर म्हणाले, "आत्ता इथेच होती."

पाहुणे हसले. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं.

* * *

एकदा भरताना मणीच हातातून निसटला. सर, मी, टेक्निशियन रफीकभाई, सगळे रांगत फरशीवर. तेवढ्यात शोभामावशी झाडू घेऊन आल्या. मणी हरवलाय कळल्यावर म्हणाल्या,

"मंगळसूत्रातला हाय का?"

"नाही मावशी, ॲल्युमिनियमचा."

"मग उठा की! मला वाटलं, काही किमती हाय."

* * *

रफीकभाई राहतात पुण्याच्या एका टोकाला, हडपसरला, आणि लॅब दुसऱ्या टोकाला, हिंजवडीच्याही पुढे. येता-जाता ट्रॅफिकमध्ये जे सोसतात, त्याचा राग ते पाहुण्यांवर काढतात. कॉलेजची मुलं बघायला आली होती. एकानं विचारलं, "सर, एवढ्या स्पीडला मणी थांबवायचा कसा?"

रफीकभाई म्हणाले, "वाकडच्या चौकात सोडा. आपोआप थांबेल."

मुलानं ते वहीत लिहून घेतलं!

* * *

सरांच्या रिटायरमेंटला आठ दिवस उरले. एकच फायर शिल्लक, आणि परदेशातून येणाऱ्या चकत्या वाटेत कुठेतरी अडकलेल्या. शेवटी सर आणि मी कसब्यात दत्तूकाकांकडे गेलो. काकांचं अख्खं आयुष्य तांब्याचे हंडे, बंब घडवण्यात गेलेलं. सरांनी नमुन्याची चकती दाखवली. तिच्यावर फुलीसारखी चीर असते, त्या चिरेवरच ती फुटते.

"फुटायला हवी?" काकांनी विचारलं.

"हो. नेमकी."

"आमच्या दुकानातून आजवर फुटकं काही गेलेलं नाही."

"या वेळी जाऊ द्या."

काकांनी कुरकुरत नमुना ठेवून घेतला. पण चार दिवसांत चकती दिली. इतकी सुबक की तोफेत घालायचं जिवावर आलं.

फायर केली. आवाज झाला, पण दबका. दार उघडलं तर पत्रा धडधाकट, मणी खाली पडलेला. चकती एका कडेला जराशी फाटली होती. तेवढ्यातून वायू निघाला आणि त्यानं मण्याला कसंबसं बाहेर ढकललं. शेवटची फायर वाया गेली! सर खुर्चीत बसले. मला रडू फुटायचं बाकी होतं.

रफीकभाईंनी स्पीकरवर फोन लावला. "काका, चकती फुटली नाही!"

"फुटेल कशी? तुमच्या नमुन्यात चीर फारच खोल होती. मी उथळ घेतली. नाहीतर फुटलीच असती!"

हात रिकामे नकोत म्हणून मी कॅमेऱ्यातले फोटो उघडले. कॅमेऱ्याला नेहमीप्रमाणे उशीर झाला होता. पण त्या दिवशी मण्यालाही झाला होता! पत्र्यासमोर, अधांतरी, गोल, लख्ख मणी. सरांनी आधी चष्मा पुसला, मग डोळे. नंतर वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, "फायर फसली. फोटो उत्तम."

निरोप समारंभात तो फोटो फ्रेम करून स्टेजवर ठेवला होता. डायरेक्टर साहेब बराच वेळ त्याच्यापुढे उभे राहिले.

"वा, बापट! इतकी वर्षं मणी कधी दिसला नाही. या वेळी काय वेगळं केलंत?"

सर शांतपणे म्हणाले,

"काही नाही साहेब. त्याला सांगितलं, फोटो काढताना हलायचं नसतं."