नातीसाठी विमानं पाहून आले

आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी मुलाचं घर पाहायला जातात. बहुतेक पुरुषच जातात. माझ्या वेळी माझे वडील आणि काका गेले होते. त्यांनी बैलजोडी पाहिली, विहिरीत वाकून पाहिलं, आमरस खाल्ला आणि होकार देऊन आले. विहीर घरापासून किती लांब आहे आणि पाणी कोण आणतं, हे कोणी विचारलं नाही. ते मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणून माझ्या दोन्ही मुलींच्या वेळी मी हट्टानं स्वतः गेले. चुलीपाशी बसले, न्हाणी पाहिली, घरातल्या बायकांना एकेकटं गाठून चार प्रश्न विचारले. एका घराला नाही म्हटलं. नातलगांनी नावं ठेवली. ठेवू दे.

मागच्या वर्षी माझ्या मुलाच्या मुलीची वेळ आली. तिनं विमान दुरुस्तीचं शिक्षण घेतलं होतं आणि बंगळूरला लष्कराच्या विमानांची दुरुस्ती करणाऱ्या एका कारखान्यात तिला नोकरी मिळाली होती. त्याच सुमारास रावेरकडून स्थळ आलं. केळीचे मोठे बागायतदार, माझ्या सुनेच्या लांबच्या नात्यातले. होळीपर्यंत उत्तर द्या म्हणाले, आणि मुलीनं इतक्या लांब नोकरी केलेली आम्हाला चालणार नाही, हेही सांगून गेले. म्हणजे दोन्हीपैकी एकच होणार होतं. सुनेचं मन रावेरला होतं. पोरीचं बंगळूरला. मुलगा दोघींच्या मध्ये सापडला आणि त्यानं जेवताना ते माझ्या ताटात टाकलं.

"आई, तू म्हणशीन तसं करू."

"मी काय म्हणू? मी पाह्यलं कुठी?"

"रावेरचं घर तर तू पाह्यलं."

"ते पाह्यलं. दुसरं नही पाह्यलं."

नात हसली. "आजी, कारखाना म्हणजे घर नही."

"दिवस तिथंच काढशीन ना? मंग घरच ते."

कारखान्यात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. पण फेब्रुवारीत बंगळूरला विमानांचा मोठा मेळा भरतो, देशोदेशीची लढाऊ विमानं येतात, लोकांना जवळून पाहायला मिळतात, असं नात म्हणाली. जे पाहायला मिळेल ते पाहू, असं ठरवून आम्ही दोघी भुसावळला गाडीत बसलो.

मेळ्याच्या फाटकावर माझी पिशवी उघडली. कळण्याची भाकरी, ठेचा आणि केळी यांना कोणी काही म्हटलं नाही. अडकित्ता मात्र काढून घेतला. मी म्हटलं, आत एवढे बॉम्ब टांगलेले आहेत आणि माझ्या अडकित्त्यानं काय होणार आहे. नातीनं पिशवी तपासणाऱ्या बाईंना त्याचं हिंदी करून सांगितलं नाही.

आत मोठं डांबरी मैदान होतं. सावली नाही. लोक पोळ्याला बैल पाहत फिरतात तसे विमानांभोवती फिरत होते. थोड्या वेळानं आभाळातून विमानं जायला लागली. आवाज छातीत बसतो. माझी कवळी हलली. पण गंमत अशी, की आवाज मागून येतो. आवाजाकडे पाहावं तर तिथं काही नसतं, विमान केव्हाच पुढे गेलेलं असतं. मी दोनदा फसले. तिसऱ्यांदा आवाजाच्या बरंच पुढे पाहिलं तेव्हा ते सापडलं. नंतर शेजारच्या एका म्हाताऱ्या सरदारजींना मी हातानं खूण करून दाखवलं, इकडे नाही, तिकडे. त्यांनाही सापडलं.

एक फार मोठं विमान मागून उघडं ठेवलं होतं. आपल्या पायांनी चढून आत जायचं. आतून ते आमच्या केळीच्या ट्रकासारखं रिकामंच होतं, फक्त जमिनीला कड्या आणि बाजूला कापडी बाकं. तिथला शिपाई म्हणाला, यात अख्खा रणगाडा जातो. मी विचारलं, संडास कुठे आहे. त्यानं मला एकदा पाहिलं आणि पुढचं एक बारीक दार दाखवलं. त्यात जाणारा माणूस बाहेर कसा येत असेल, कोण जाणे.

सगळे आइस्क्रीम खात होते. ही विमानं माणसं मारायला केलेली आहेत, हे कोणी बोलत नव्हतं. मी नातीला विचारलं, "तू दुरुस्त केलेलं विमान कुठी गेलं, तिथं काय करून आलं, हे तुले सांगतीन का?"

"नही."

"मंग चालीन तुले?"

"मले माहीत नही, आजी."

हे उत्तर मला आवडलं नाही. पण ते खोटं नव्हतं. रावेरच्या मुलाला मी विचारलं होतं की दारू पितो का, तेव्हा तो फार पटकन नाही म्हणाला होता.

पुढे एक परदेशी लढाऊ विमान दोरी लावून ठेवलं होतं. त्याच्या पोटाखाली, पंखाखाली, चाकापाशी लाल कापडाच्या पट्ट्या लोंबत होत्या. मला बरं वाटलं. मी नातीला म्हटलं, "पाय, हेही लोक दृष्ट लागू नये म्हणून बांधता. आपून नव्या ट्रॅक्टरले लिंबू-मिरची बांधतो तसं."

दोरीपलीकडे त्या विमानाची दुरुस्ती पाहणारी एक बाई उभी होती. चाळिशीची, उन्हानं लाल झालेली, अंगात एकसंध खाकी कपडे, हाताला ग्रीस. नातीनं माझं म्हणणं तिला इंग्रजीत सांगितलं. ती खूप हसली, पण वाईट नाही. मग तिनं एका पट्टीला हात लावून दाखवलं. पट्टीच्या टोकाला लोखंडी खीळ होती. विमान उभं असताना काही हलू नये म्हणून अशा खिळा घालून ठेवतात आणि उडायच्या आधी उपसतात. एक जरी राहिली तरी घात. म्हणून खालचं माणूस सगळ्या खिळा उपसून हातात धरून वर करतं आणि वैमानिक वरून मोजतो, मगच निघतो.

मला हे फार आवडलं. वर बसणारा खालच्याच्या हाताकडे पाहिल्याशिवाय निघत नाही. आमच्याकडे केळीच्या घडाला पिशवी कोणी घातली, नीट बांधली का, हे घड कुजल्यावर पाहतात.

मी माझे प्रश्न काढले. घरी कोण आहे? नवरा आणि दोन मुलं. त्यांचं जेवण कोण करतं? नवरा. तो काय करतो? शाळेत शिकवतो. वरचा साहेब अंगावर ओरडतो का? ती म्हणाली, ओरडतो, मग मीही ओरडते. हात रात्री दुखतात का? हो, हा अंगठा. तिनं अंगठा दाखवला. मी माझा दाखवला.

त्यानंतर माझी पाळी संपली. नात स्वतःचं विचारायला लागली आणि मला सांगायचं विसरली. बाईनं खिशातून बॅटरी काढून पंखाखाली उजेड पाडला. नात दोरीच्या अलीकडे गुडघे टेकून वाकली, नव्या ड्रेसनिशी, त्या डांबरावर. वही काढली. घरी आई दहा वेळा हाक मारते तेव्हा ही फोनमधून डोकं न काढता हं म्हणते. गॅसवरचं दूध हिच्या हातून कितीदा उतू गेलं, त्याला गणती नाही. इथे तोंड उघडं ठेवून ऐकत होती.

पाण्याची बाटली तिच्या पिशवीत होती. मी उन्हात उभी राहिले, मग बसले, मग डांबर तापलं म्हणून परत उठले. डोक्यावरून विमानांची रांग रंगीत धूर सोडत गेली, मैदानातल्या सगळ्या माना वर झाल्या. या दोघींच्या खालीच होत्या. मला राग आला. आणि रागातच उत्तर मिळालं. जी पोरगी कामापुढे तहानलेल्या आजीला विसरते, ती रावेरच्या त्या चौदा माणसांच्या घरात काय करणार होती? सगळ्यांना छळलं असतं तिनं, आणि त्यांनी तिला.

अर्ध्या तासानं तिला आठवलं. धावत आली.

"आजी, पाणी. मी विसरलीच."

"दिसलं मले."

"रागावली?"

"हो. बाटली दे."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी सांगितलं, ऊन फार आहे, संडास लांब आहेत, कामात मारामारीचा भाग आहे आणि तो मला पटलेला नाही. पण माणसं हातचं काम मोजून घेतात, आणि पोरगी तिथं जागी असते. रावेरला नकार कळव.

"आई, तूच कळव," तो म्हणाला. "मह्याच्यानं नही होणार."

म्हणून होळीच्या आधी मी आणि सून रावेरला गेलो. फोनवर नाही म्हणणं बरं दिसत नाही. तिथल्या मुलाच्या आजीला मी सरळ सांगितलं.

"पोरगी विमानं दुरुस्त करीन," ती म्हणाली, "मंग भाकरी कोण करीन तिच्या घरी?"

"ज्याले भूक लागीन तो."

"तुमच्या काळी असं बोलल्या असत्या का तुम्ही?"

"नसती बोलली. म्हनून तर आता बोलतेय."

चहा आला. दुपारचा एक वाजला होता, आतून फोडणीचा वास येत होता, पण जेवायला थांबा असं कोणी म्हटलं नाही. सुनेचे डोळे भरले होते. तिचं माहेरचं नातं होतं ते, माझं नव्हतं. आम्ही स्टँडवर आलो. गाडीला वेळ होता म्हणून मी भजी घेतली. सून आधी नको म्हणाली, मग तिनंही खाल्ली.